स्वयंपाक्याचा ठसा

लिनोवर अश्रू कोरायला अर्धं मिनिटही लागत नाही. बारीक कोरणी घ्यायची, गालाच्या काळ्या भागात एक तिरकी रेघ ओढायची, खालच्या टोकाला जरा रुंद करायची, की झालं. नाकाला अख्खी सकाळ जाते, कानाला त्याहून जास्त. म्हणून माझे सर पहिल्याच रविवारी म्हणाले होते, "ज्या दिवशी तू अश्रू कोरशील, त्या दिवसापासून माझ्याकडे येऊ नकोस." मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन मी ते वहीत उतरवून ठेवलं. ती वही आज हाताला लागली की मला स्वतःचाच राग येतो.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. घर इंदुरीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीत. सकाळी घोरावाडी स्टेशनापर्यंत तंगडतोड करायची, गाडी धरायची, संध्याकाळी तीच वाट उलटी. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि त्या उत्साहात वडिलांनी ठरवून टाकलं की पोरगी शिकणार, वाटेल ते शिकणार. मी चित्रकला म्हटल्यावर मात्र त्यांनी विचाराला दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "बरं. त्येला पन मास्तर लागत असतीलच."

सर वलवणला राहायचे, धरणाच्या बाजूला, एका बंद बंगल्याच्या आउटहाउसमध्ये. एकटेच. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा सदरा, आणि नखांत कायमची शाई. तरुणपणी ते मुंबईला शिकले होते. स्वातंत्र्याच्या आदल्या साली नाविकांच्या बंडात मुंबईत गोळीबार झाला तो त्यांनी रस्त्यावर उभं राहून पाहिला होता आणि त्यावर ठसे केले होते. एकात रस्त्यावर आडवा पडलेला माणूस होता आणि त्याच्या हातात उघडी छत्री. दुसऱ्यात नुसत्या चपला होत्या, सतरा, त्यात एकही जोडी नाही. तिसऱ्यात घाईघाईने फळ्या लावताना बोट चिमटलेला दुकानदार. बंदूक कुठेच नव्हती, झेंडाही नव्हता. ते ठसे पाहून मला रडू आलं नाही. ते घडलं होतं एवढं मात्र पक्कं पटलं, आणि मी तिथल्या तिथे सरांना विचारलं, "मला शिकवाल का?"

सहा वर्षं दर रविवारी मी वलवणला गेले. लोणावळ्यातल्या जुन्या बंगल्यांची डागडुजी निघाली की जमिनीवरचं उखडलेलं लिनोलियम, म्हणजे आमचा लिनो, सर उचलून आणायचे, धुऊन फळीवर चिकटवायचे. त्याला आम्ही ठोकळा म्हणायचो. कोरलेलं छापताना पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उमटतं. चित्र पातळ कागदावर काढायचं, ठोकळ्यावर पालथं चिकटवायचं, ओल्या बोटांनी कागद चोळून चोळून झिरझिरीत करायचा. रेघा वर दिसू लागल्या की कागदासकट कोरायचं. त्यामुळे छापल्यावर डावं डाव्या जागी येतं आणि उजवं उजव्या. मूळ चित्र मात्र उरत नाही, ते भुशासारखं कोरणीतून निघून जातं. "कशाला हवंय मूळ चित्र?" सर म्हणायचे. "सगळं ठोकळ्यात असतं."

त्यांचे आणखी दोन कायदे होते. ठोकळा कसा झालाय हे पाहायला रद्दी कागदावर जे कच्चे ठसे घ्यायचे, ते त्याच दिवशी फाडायचे. कच्चं चित्र जगात फिरता कामा नये. आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात चांगला ठसा छापायचा नाही. तिथल्या दमट हवेत शाई वाळत नाही, महिनाभरात कागदावर बुरशीचे ठिपके येतात. ठोकळा मेणकापडात गुंडाळून फळीवर ठेवायचा आणि आभाळ मोकळं होईपर्यंत वाट बघायची. मी हे कायदे मुकाट्याने पाळले. शहाणी विद्यार्थिनी होते ना.

माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. सुट्टीवर येताना दोनदा तो एका मित्राला घेऊन आला. नाणे मावळातल्या डोंगरावरच्या एका वाडीतला तो मुलगा, पलटणीत स्वयंपाकी. काळासावळा, कमी बोलणारा. पहिल्याच संध्याकाळी तो आमच्या चुलीपुढे बसला आणि आईच्या हातातली परात घेऊन म्हणाला, "मावशी, तुमी बसा. तीनशे मानसांच्या केल्याती, पाचाचं काय!" आई अवघडून उभी. आमच्या चुलीवर त्या वाडीतला माणूस भाकरी थापतोय हे तिला झेपेना. त्याला काही वाटलं नाही. जाताना तेवढं हळूच म्हणाला, "आमच्या वाडीत बोलू नगा."

दुसऱ्या खेपेला मी त्याचं चित्र काढलं. माझ्या भावाने अंगणात त्याच्या पाठीवर उडी मारली होती, दोघं खिदळत होते. मी ओरडले, "हलू नका रे!" आणि तो खरंच हलला नाही. ऐंशी किलोचा माझा भाऊ पाठीवर घेऊन वीस मिनिटं उभा राहिला. चेहरा, खांदे, मांड्यांखाली धरलेले हात, सगळं मला नीट मिळालं. पातळ कागद होता, सवयीने तोच घेतलेला.

मग एकाहत्तरची लढाई झाली आणि संपली. भाऊ मेलेला नाही, जखमी आहे, अशी तार आली. पुण्याच्या इस्पितळात त्याला पाहिलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. घरी यायला त्याला उन्हाळा उजाडला. वस्तीवरची माणसं यायची, "कसा लडलास सांग की," म्हणायची. तो भिंतीकडे बघत बसायचा. मला त्याने सांगितलं, तेही दोन महिन्यांनी, आणि एकदाच.

लढाई थांबली होती. वीरगती वगैरे काही नाही, माझा भाऊ सकाळी खांद्याला रायफल अडकवून, टमरेल घेऊन शेतात गेला होता. मोहरीचं शेत, त्यात पेरलेला सुरुंग. पाय गेला आणि तो ओरडायला लागला. स्वयंपाकी त्याच शेताच्या बांधावर भाजीसाठी मोहरीचा पाला खुडत होता. तो भावाच्या पावलांवर पावलं टाकत आत आला, त्याला पाठीवर घेतलं आणि त्याच पावलांवरून बाहेर आला. बांधावर ठेवलं. भाऊ ओरडतच होता. पाय गेला म्हणून नाही. "रायफल! माजी रायफल ऱ्हायली!" रायफल हरवली तर काय होतं हे दोघांनाही माहीत होतं. स्वयंपाकी म्हणाला, "वरडू नगंस, आनतो," आणि पुन्हा आत गेला. या वेळी एक पाऊल चुकलं. जे हाती लागलं ते तिथेच जाळलं.

"मी वरडलो नसतो तर त्यो ग्येला नसता," भाऊ म्हणाला.

त्याच आठवड्यात स्वयंपाक्याची आई आमच्या दारात आली. डोंगर उतरून कामशेत, तिथून गाडी, घोरावाडीहून विचारत विचारत. तिला एक पत्र्याची पेटी मिळाली होती आणि एक कागद. कागदावर तो मेला एवढंच होतं. ती अंगणात बसली. आमच्याकडे पाणी घ्यावं की नाही हा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि तिने घेतलं नाही. भावाला म्हणाली, "तू हुतास ना लेकरा त्याच्यासंगं? कसा ग्येला त्यो?"

माझा भाऊ, जो लढाईत डगमगला नाही, तो उठला आणि कुबडी टेकत आत निघून गेला.

मी काहीतरी बोलत राहिले. बोलता बोलता कळलं की तिच्याकडे त्याचा एकही फोटो नाही. वाडीत कुणाचाच नव्हता. भरतीच्या कागदांना लावलेला एक असतो, त्यासाठी भावाने नंतर दोनदा पत्र टाकलं. तसा फोटो मिळत नसतो असं छापील उत्तर आलं. त्या दिवशी ती म्हणाली, "डोळं मिटलं की दिसतो. पर दिसताना लय हालतो."

मी आतून चित्र आणून तिला दाखवलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ. मग स्वतःहून म्हणाली, "पानी द्या वाईच." मी तेव्हाच ते चित्र तिला देऊन टाकायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. पण मी सरांची विद्यार्थिनी. मी म्हणाले, "मावशी, हा कागद फाटेल, विरेल. मी याचा पक्का ठसा करते. चांगल्या कागदावर, शंभर वर्षं टिकेल असा. दिवाळीनंतर तुम्हाला देते." ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, बाई." मास्तरणीवर लोकांचा किती विश्वास असतो, बघा.

ती गेल्यावर भाऊ बाहेर आला. "आक्का, माजं तोंड उगडं काड," तो म्हणाला. "मी वरडत हुतो. हात मागं दाखवत हुतो, रायफलीकडं. समदं काड. मला तिला तोंडानं सांगवत न्हाई. चितर बगून ती इचारंल, मंग सांगन." म्हणजे त्या एका ठोकळ्यावर दोन माणसांचं ओझं होतं. तिला मुलगा दिसायचा होता आणि माझ्या भावाला कबूल करायचं होतं.

मी चित्रात भावाचं खिदळणारं तोंड मोठं उघडलं, एक हात मागे वळवला, उजवा पाय गुडघ्याखाली काढून टाकला आणि चिंध्या गुंडाळल्या. भाऊ खांद्यावरून बघत होता. "बग हां, तुझ्या त्या उलट्यासुलट्यात चांगला पाय कापशील," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो चेष्टा करत होता. स्वयंपाक्याला मी हात लावला नाही. तो जसा अंगणात उभा होता तसाच सीमेवरच्या त्या बांधावर उभा राहिला. नंतर मी चित्र ठोकळ्यावर पालथं चिकटवलं आणि बोटं ओली करून कागद चोळायला लागले.

आषाढात कोरून झालं. वलवणला पाऊस असा की समोरचं धरण दिसत नव्हतं. सरांनी वर्तमानपत्रावर दोन कच्चे ठसे काढले, भिंतीला लावले. मग म्हणाले, "मला हे जमलं नसतं." सहा वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते एकमेव कौतुक. दोघांच्या मागची जागा मी सगळी काळी ठेवली होती, न कोरलेली. तिथे काही नव्हतं म्हणून. "छान केलंस," ते म्हणाले, "आभाळ मोकळं सोडलंस." मी त्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं. कच्चे ठसे मी स्वतःच्या हाताने फाडले आणि त्यांच्याच तुकड्यांनी शाईची काच पुसली. ठोकळा मेणकापडात गेला.

दसरा झाला, आभाळ उघडलं. सर म्हणाले मुंबईहून कागद आलेला नाही. दिवाळी झाली. सर म्हणाले लढाईला वर्ष होतंय, गावातल्या काही मंडळींनी सभागृहात चित्रांचं प्रदर्शन योजलं आहे, जखमी जवानांच्या मदतीसाठी, आणि तुझा ठसा तिथे लावू. शाळेत सहामाहीचे पेपर तपासायचे होते, दोन रविवार मला जाता आलं नाही. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "पंधरा ठसे छापले मी. आता थेट सभागृहातच बघ." मी खुश. मी वाडीवर निरोप धाडला: मावशी, अमुक दिवशी या, तुमचा मुलगा घेऊन जा.

त्या दिवशी मी शाळेतून परस्पर सभागृहात गेले. भाऊ कामशेतला उतरून तिला घेऊन येणार होता. दारातच गर्दी, फुलांच्या माळा, लाउडस्पीकर. समोरच्या भिंतीवर, मधोमध, काचेच्या चौकटीत माझा ठसा. खरं सांगते, आधी मला सहीच दिसली. खाली उजव्या कोपऱ्यात सरांची सही होती, त्यांच्या त्या टोकदार अक्षरात. मला वाटलं, असू दे, चुकून केली असेल. आणि मग वरचं चित्र दिसलं.

स्वयंपाकी नव्हता.

लिनोवर कोरलेलं परत भरता येत नाही. पण उरलेलं काळं कितीही काढता येतं. सरांनी तेच केलं होतं. स्वयंपाक्याचं डोकं, छाती, वाकलेले गुडघे, सगळं खरवडून पांढरं केलं होतं आणि त्याचा धूर केला होता. त्या धुरावर माझा भाऊ तरंगत होता. माझ्या मोकळ्या काळ्या आभाळातून त्यांनी एक फडकता झेंडा कोरून काढला होता आणि रायफल दाखवणाऱ्या भावाच्या हातात त्याची काठी आली होती. उघडं तोंड त्यांना बंद करता येणार नव्हतं, पण त्याची गरजच नव्हती. झेंड्याखाली ते तोंड आता जयजयकार करत होतं. आणि गालावर, डोळ्यापासून खाली, बारीक कोरणीची एक तिरकी रेघ, टोकाला जरा रुंद केलेली.

मी सरांना गाठलं. ते पाहुण्यांच्या खुर्च्या लावून घेत होते. मी म्हणाले, "सर, खालचा माणूस कुठे गेला?"

"अगं, लोक विचारतात, हा खालचा कोण? स्वयंपाकी म्हटलं की हसतात."

"कोण हसलं?"

"हसले असते," सर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत ना, दिसलं तेवढंच कोरायचं?"

"तुला तरी कुठे दिसलं होतं ते? तू काय लढाईवर गेली होतीस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझे ते सतरा चपलांचे ठसे पंचवीस वर्षांत किती जणांनी पाहिले माहीत आहे? तू धरून नऊ. लोकांना असं लागतं गं. मी थकलो आता."

नंतर कळलं, पुण्यातल्या एका चौकात जवानांचं मोठं भित्तिचित्र व्हायचं होतं आणि ते कुणाला द्यायचं हे त्या दिवशीचे पाहुणे ठरवणार होते. पण ते नसतं तरी मला काय? ते थकले म्हणाले तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मी त्या माणसाला न थकणारा समजून सहा वर्षांचे रविवार दिले होते. ठोकळा चोरला असता, जाळला असता, तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. त्यांनी माझ्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली, कागद, कच्चे ठसे, पावसाळा, आणि मी प्रत्येक वेळी "हो सर" म्हणाले.

"ठोकळा कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे की. पण आता तो असाच आहे."

तेवढ्यात ते दोघं आले. भाऊ कुबडीवर, आणि तिने नवं हिरवं लुगडं नेसलेलं. तीन तास डोंगर उतरून आलेली बाई, पण तिच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता. गर्दीतल्या लोकांनी भावाला ओळखलं, चित्राकडे बोट केलं, टाळ्या वाजवल्या. भावाने चित्र पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तो म्हणाला, "आक्का, हे काय केलंस गं?" त्याला वाटलं, मीच.

ती चित्राजवळ गेली. तिला लांबचं कमी दिसायचं, म्हणून अगदी काचेला नाक लावून वरून खाली बघत राहिली. झेंडा, तोंड, छाती. मग एका जागी थांबली आणि काचेवर बोट ठेवलं.

"ह्यो हात माज्या लेकाचा हाय."

मी वाकून पाहिलं. भावाच्या शाबूत पायाच्या मांडीखाली एक हात राहिला होता. तो काढला असता तर मांडीच तुटली असती, म्हणून सरांनी तो ठेवला होता आणि वर दोन रेघा मारून त्याचा पट्टा केला होता. पण बोटं दिसत होती. "ही करंगळी बगा," ती म्हणाली. "ल्हानपनी जात्याखाली घावली हुती. तवापासनं अशीच वाकडी." मी ती वाकडी करंगळी काढली होती, कोरली होती आणि ती वाकडी का आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

ती मागे वळली. "बाकीचा कुटं हाय?"

मी सांगितलं. "मावशी, होता. आमच्या सरांनी काढून टाकला."

"कशापायी?"

मागे लाउडस्पीकरवर कुणीतरी माझ्या भावाचं नाव पुकारत होतं, व्यासपीठावर या म्हणून. भाऊ गेला नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि जे चित्राने सांगायचं होतं ते त्याला तोंडानेच सांगावं लागलं, त्या गोंगाटात, ओरडून, कारण हळू बोललेलं तिला ऐकूच गेलं नसतं. "मावशी, मला त्यानं भाईर आनलं हुतं. मी रायफलीसाटी वरडलो. मी वरडलो म्हून त्यो माघारी ग्येला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. चित्राकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"मंग त्याला कशाला काडला?" ती म्हणाली. "काडायचाच हुता तर तुला काडायचा."

"व्हय मावशी," भाऊ म्हणाला.

ती एकटी स्टेशनाकडे निघाली. मी मागे धावले, भावानेही दोन पावलं टाकली. तिने हात केला, येऊ नका. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते लाजिरवाणं आहे, पण सांगते: मला वाटलं, निदान आपल्याला काही बोलली नाही.

भित्तिचित्राचं काम सरांना मिळालं. मी पुन्हा वलवणला पाऊल टाकलं नाही. पंधरांतला एक ठसा मंडळींनी भावाला समारंभाने भेट दिला. तो घरात लावू नको म्हटलं तरी भावाने लावला. कुणी आलं, चित्राला हात जोडले, की तो सांगायचा, "मी रायफलीसाटी वरडतोय त्यात. शेतात संडासला गेलतो." लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, किती साधा माणूस, जराही गर्व नाही. काही वर्षांनी त्याने सांगणं सोडून दिलं.

मी मात्र हट्टाला पेटले. मला वाटलं, एकदा काढला होता तर पुन्हा का नाही काढता येणार? अंगणात वीस मिनिटं माझ्यासमोर उभा होता तो. मी आठवून आठवून काढत बसले, शाळेत, गाडीत, घोरावाडीच्या बाकावर. उन्हाळ्यात पहिलं चित्र घेऊन वाडीवर गेले. ती शेणाने सारवत होती. हात धुऊन आली, चित्र घेतलं, आणि म्हणाली, "कपाळ न्हाई असं." दुसऱ्या खेपेला कपाळ सुधारून नेलं. ती म्हणाली, "डोळं दुसऱ्याचं हायत." मी तिथेच बसून पुसलं, तिला विचारून विचारून पुन्हा काढलं, दुपारभर. ती सांगत होती, मी काढत होते, आणि दर वेळी कागदावर कुणी वेगळाच बसत होता.

तिसऱ्या खेपेला मी पाच चित्रं नेली, वेगवेगळी, म्हटलं एखादं तरी जुळेल. ओळीने तिच्यापुढे मांडली. ती एकेक बघत गेली, पुन्हा पहिल्यावर आली, मग दुसऱ्यावर. मग तिने पाचही कागद गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि माझ्या हातात दिले.

"आता नका आनू, बाई," ती म्हणाली. "आदी डोळं मिटलं की दिसायचा. तुमची ही बगून बगून माजा मला आटवंना झालाय."